बावीस मिलिमीटर

राजश्री साळवेने वरवंडच्या मारुतराव फडतऱ्यांना पहिलं पत्र लिहिलं ते त्यांची चूक दाखवायला.

१९९९ चा जून महिना होता. पुण्याच्या एका पेपरच्या रविवार पुरवणीत कोपऱ्यात एक फोटो आला होता. वरवंडचे एक बागायतदार पत्र्याचं रेल्वे इंजिन मांडीवर घेऊन बसलेले, आणि इंजिनाच्या आकाराचा अंदाज यावा म्हणून त्यावर आगपेटी ठेवलेली. राजश्रीने फुटपट्टी घेतली. आगपेटी मोजली, इंजिन मोजलं, चाकांमधलं अंतर मोजलं. चहा निवायच्या आत तिच्या लक्षात आलं, की या माणसाने इंजिन सुंदर केलंय, पण चाकं एकमेकांच्या फार जवळ बसवलीत.

‘आपले इंजिन खऱ्याच्या शहात्तराव्या हिश्शाचे दिसते,’ तिने लिहिलं. ‘दौंडवरून जाणारी मोठी लाइन पाच फूट सहा इंचांची आहे. तिचा शहात्तरावा हिस्सा बावीस मिलिमीटर होतो. आपली चाके अठरावर आहेत. परदेशी खेळण्यातली गाडी पाहून माप धरले असेल तर असे होते. राग नसावा.’ खाली सही केली, र. खं. साळवे. शाळेच्या मस्टरवरही ती अशीच सही करायची.

आठव्या दिवशी उत्तर आलं. अक्षर मोठं, उजवीकडे झुकलेलं.

‘साळवे साहेब, स. न. वि. वि. आपण म्हणता ते खरे आहे. मुंबईच्या पाहुण्यांनी नातवाला गाडी आणली होती, तिच्यावरून माप घेतले. पेपरवाला येऊन गेला, ग्रामपंचायतीने शाल-नारळ दिला, पण चाके जवळ आहेत हे कोणी सांगितले नाही. आपण सांगितलेत, आभारी आहे. चाके काढून टाकली. नवी करतो. आपण रेल्वेत आहात काय?’

‘साहेब’ वाचून राजश्रीला हसू आलं. पुढच्या पत्रात सांगू, असं तिने ठरवलं. पण पुढच्या पत्रात रूळ वळवायचे कसे यावरच चार पानं झाली आणि ते राहून गेलं. एकदा राहिलेली गोष्ट मग दर पत्रागणिक सांगायला अवघड होत गेली.

ती रेल्वेत नव्हती. शिरूरच्या एका शाळेत चित्रकला शिकवत होती, वय चव्वेचाळीस. शिरूरला रेल्वे नाहीच. पण तिचं लहानपण दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये गेलेलं. वडील, खंडू साळवे, आधी फायरमन आणि मग ड्रायव्हर. सातवीत असताना तिने त्यांना सांगितलं होतं, मीपण इंजिन चालवणार. ते हसले नव्हते. ‘बायांना घेत न्हाईत, बाळ,’ एवढंच म्हणाले होते आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी असूनही तिला यार्डाच्या कडेला उभं करून कुठली गाडी कुठल्या रुळावरून का जाते ते दुपारपर्यंत समजावत बसले होते.

ती कॉलेजात असताना ते गेले. तिने नोकरी धरली, धाकट्या सम्राटला शिकवलं, तो इंजिनियर होऊन बडोद्याला स्थायिक झाला. तिचं लग्नाचं वय उलटलं ते आई ताईबाई सोडून कुणाच्या ध्यानात आलं नाही. सत्त्याण्णव साली ताईबाईही गेली. आतल्या खोलीत तिची खाट होती. खाट देऊन टाकल्यावर ती खोली इतकी मोकळी दिसायला लागली की राजश्री तिकडं जायचंच टाळू लागली. दोन महिन्यांनी तिने आठ बाय चारची प्लायवूडची फळी आणली आणि दोन बाकांवर टाकली. फळीवर दौंडचं यार्ड करायचं, मनमाडकडची लाइन सोलापूरच्या लाइनपासून सुटते तिथपर्यंतचं.

शिरूरच्या दुकानात यातलं काहीच मिळत नाही. सगळं हातानं करावं लागे. रुळांसाठी तिने मोडक्या छत्र्या गोळा केल्या. छत्रीच्या काड्यांना खाच असते, त्या उलट्या घातल्या की रुळासारख्या दिसतात. रुळांखालचे आडवे स्लीपर लाकडी फुटपट्ट्या चिरून केले. दर पाचवा स्लीपर टीव्ही दुरुस्तीवाल्याकडच्या भंगारातल्या तांबं लावलेल्या पट्टीचा. त्यावर काडी कथलाने झाळता येते. खडी म्हणजे दगडाची चूर, चहाच्या गाळणीतून तीनदा चाळलेली. झाडं घोसाळ्याच्या जाळीची. रुळांमधलं अंतर जरा कमी-जास्त झालं की चाक उतरतं, म्हणून तिने पितळी पट्टीला खाचा पाडून एक माप केलं होतं. दर दोन बोटांवर ते घालून बघायचं. एक हात लांबीचा रूळ टाकायला एक रविवार जायचा.

कुणाला ती हे दाखवत नसे. एकदा सहामाहीचे पेपर द्यायला शाळेतल्या एक बाई घरी आल्या आणि आतलं दार उघडं राहिलेलं. त्यांनी डोकावून पाहिलं. ‘अय्या, भाच्यासाठी का?’ त्या म्हणाल्या. राजश्री ‘हो’ म्हणाली. त्या गेल्यावर तिने दार लावून घेतलं. तो ‘हो’ तिला पुढे कितीतरी दिवस बोचत राहिला.

वरवंडला मात्र ती सगळं लिहायची.

मारुतराव साठीचे होते. तरुणपणी तीन वर्षं दौंडच्या लोको शेडमध्ये खलाशी, म्हणजे मदतनीस, होते. थोरला भाऊ वारला, वडिलांनी शेतीवर परत बोलावलं, तेव्हापासून ऊस आणि कांदा. ‘इंजिनाचा वास नाकातून गेला नाही,’ त्यांनी लिहिलं होतं. शेतातून कडेठाणकडची लाइन दिसायची. ते गोडेतेलाचे डबे कापून इंजिनं करत. चाकं यवतला पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्याच्या लेथवर स्वतः कातत, राजश्रीच्या डब्यांचीसुद्धा. आतली मोटर बिघडलेल्या टेपरेकॉर्डरची.

आपल्या वडिलांबद्दल राजश्रीने एकदा विचारलं होतं, साळवे नावाचे फायरमन आठवतात का. त्यांनी लिहिलं, ‘नाही आठवत. शेडमध्ये दीड-दोनशे माणसे होती. आठवतात म्हणून लिहिले असते तर आपल्याला बरे वाटले असते, पण खोटे कशाला लिहू.’ ते वाचून तिचा त्यांच्यावरचा विश्वास वाढला.

सात महिने दोघं एका सांध्याशी, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जाते त्या जागेशी, झगडत होते. सांध्यात एक रूळ दुसऱ्याला छेदतो तिथं थोडी फट ठेवावी लागते. तिथं चाक खाली आदळायचं, गाडी हिसका खायची आणि उतरायची. राजश्रीने फट लहान केली, तर चाकाची कड अडकली. मोठी केली, तर चाक आणखी खाली गेलं. तिने चार सांधे केले, चारही उपटून टाकले. शेवटी मारुतरावांचं पत्र आलं, ‘आपण रुळाला हात लावू नका. दोष चाकाचा आहे. कड जाड राहिली. मी पातळ करून पाठवतो.’ दहा दिवसांनी सुपारीच्या डबीत कापसात गुंडाळलेले, चाकांसकट चार आस आले. राजश्रीने ते एका डब्याला बसवले आणि डबा बोटाने ढकलला. डबा सांध्यावरून असा गेला, की तिथं फट आहे हे कळलंसुद्धा नाही. ती उठून बाहेरच्या खोलीत आली. कुणाला तरी सांगावं असं तिला फार वाटलं. शेजारच्या कस्तुराबाई दारात गहू निवडत होत्या. ‘काय ओ बाई, आज लई खुशीत?’ त्यांनी विचारलं. ‘काही नाही, असंच,’ राजश्री म्हणाली आणि आत येऊन पत्र लिहायला बसली.

तीन वर्षं अशी गेली. संध्याकाळी साडेपाचला कुलूप काढताना ती आधी उंबऱ्याकडे बघायची, पोस्टमनने दाराखालून काही सरकवलंय का.

२००२ च्या एप्रिलच्या सुरुवातीला मारुतरावांनी लिहिलं, ‘मे महिन्यात न्हावऱ्याला पुतणीचे लग्न आहे. तिथून शिरूर जवळ. आपली हरकत नसल्यास आपले यार्ड पाहायला येईन. इंजिनाचे काम संपत आले आहे, फक्त चाकांचे दांडे राहिलेत. झाले तर बरोबर आणतो. आपल्या सांध्यावरून ते कसे जाते हे या डोळ्यांनी बघायचे आहे.’

राजश्रीने ते पत्र चार दिवस टेबलावर तसंच ठेवलं. आता सांगणं भाग होतं. तिने तीन कागद फाडले आणि चौथ्यावर लिहिलं, ‘मी साहेब नाही. माझे नाव राजश्री. मी एकटी राहते. पहिल्याच पत्रात सांगायला हवे होते, ते माझ्याकडून झाले नाही. फसवायचा हेतू नव्हता. हे कळल्यावरही आपण यावे अशी इच्छा आहे. पण नाही आलात तरी मी समजून घेईन.’

उत्तर आलं नाही.

एप्रिल गेला, मे गेला. लग्नाच्या तारखेला तिने घर झाडून ठेवलं, फळीवरची धूळ रंगाच्या ब्रशने काढली, केळी आणून ठेवली. दुपारभर फटफटी थांबल्याचा आवाज आला की ती खिडकीशी जायची. कोणी आलं नाही. केळी तिने कस्तुराबाईंना देऊन टाकली.

तिने स्वतःला समजावलं. खेड्यातला माणूस, मोठं खटलं, सुना-मुलं घरात. परक्या, बिनलग्नाच्या बाईला तीन वर्षं पत्रं लिहिली हे कळल्यावर बिचारा गांगरला असेल. दुसरंही एक मनात यायचं. साळवे आडनावाचा साहेब चालतो, पण साळवेबाईच्या घरी जाऊन चहा प्यायचा म्हटल्यावर कसं वाटलं असेल? हे मनात आलं की तिला त्यांचा राग यायचा, आणि मग आपण उगाच एखाद्यावर आरोप करतोय म्हणून स्वतःचा.

पावसाळ्यात फळीने पाणी ओढलं. वळणापाशी प्लायवूड फुगलं, रूळ वर आले, दोन ठिकाणची झाळ सुटली. पूर्वी असं झालं असतं तर तिने त्याच दिवशी कामाला हात घातला असता. आता तिने जुनी चादर टाकून सगळं झाकलं आणि दाराला कडी घातली.

दिवाळीच्या सुट्टीत सम्राटचा फोन आला, बडोद्याला ये म्हणाला. ती ‘बघते’ म्हणाली. पण फोन ठेवल्यावर तिने वेगळंच ठरवलं. सुपारीची डबी, मारुतरावांनी नमुन्याला पाठवलेली इंजिनाची पितळी शिट्टी आणि त्यांची सगळी पत्रं पिशवीत घातली. त्यांच्या वस्तू त्यांना द्यायच्या, दोन शब्द बोलायचे आणि परत यायचं. निदान तोंडावर काय ते ऐकू.

न्हावरामार्गे चौफुल्यापर्यंत एसटी, तिथून वरवंडला जीप. गावात विचारल्यावर एकाने मळ्याचा रस्ता दाखवला. उसाच्या दोन फडांमधून ती चालत गेली. घराच्या ओट्यावर साठीला टेकलेली एक बाई शेंगा फोडत बसली होती.

‘मारुतराव फडतऱ्यांचं घर हेच का? मी शिरूरहून आले. साळवे.’

बाईने हातातलं सूप खाली ठेवलं. तिच्याकडे वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं. त्या सारजाबाई, मारुतरावांच्या पत्नी.

‘या, बाई,’ त्या म्हणाल्या. ‘लई उशीर केलासा.’

आतून सून आली, अनुपमा. तिशीची, ओचा खोचलेला, हात पिठाचे. नाव ऐकून ती दारातच थांबली.

‘आप्पांच्या अंगावरून वारं गेलं,’ ती म्हणाली. ‘गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. तुमचं पत्र आलं तेव्हा ते दवाखान्यात होते.’

राजश्री ओट्याच्या कडेवर बसली. इतके महिने ती जे जे समजत होती ते सगळं एका क्षणात खोटं पडलं होतं, आणि तिला हायसं वाटलं. पण तो माणूस तिकडे दवाखान्यात पडलेला असताना आपण त्याला काय काय ठरवत होतो, हे आठवून लगेच शरमही वाटली.

‘कुणी एक कार्ड तरी टाकायचं होतं मला,’ ती कशीबशी म्हणाली.

‘काय लिहिणार होते मी?’ अनुपमाचा आवाज चढला. ‘मला माहीत तरी होतं का तुम्ही कोण? आप्पा घरात चार शब्द बोलायचे नाहीत, मॅडम. यांच्याशी, म्हणजे मुलाशी बोलायचे ते पाण्याची पाळी आणि खताच्या गोण्या एवढंच. मी दहा वर्षं या घरात आहे, मला कधी विचारलं नाही जेवलीस का म्हणून. आणि तुमचं कपाटातलं एकेक पत्र बघावं तर सात-सात पानं. तेवढीच त्यांनीही लिहिली असणार.’

‘आनू, च्या टाक,’ सारजाबाई म्हणाल्या.

चहा आला. राजश्रीचं लक्ष सवयीने कपाकडे गेलं. तीन कप होते, तिन्ही एकाच नक्षीचे, कडेला निळी वेल. तिने आपला उचलला.

‘बाईमानूस हाय हे मला ठावं होतं,’ सारजाबाई शेंगा पुन्हा पुढ्यात ओढत म्हणाल्या. ‘मला वाचाया येत न्हाई. पर तुमची पत्रं ते मला वाचून दावायचे, रातीला समदी निजल्यावर. येकदा तुम्ही लिव्हलं व्हतं, कांद्याच्या धुळीनं तुमचा खोकला वाढला आसंल, आडुळशाचा काढा घेता का. म्होरल्या पत्रात पुन्यांदा तेच इचारलं. मी म्हनलं, आवं, ह्यो साहेब न्हाई, बाई हाय. पुरुषमानूस दोनदा खोकला इचारत न्हाई.’

राजश्री त्यांच्याकडे बघतच राहिली. ‘मग ते काय म्हणाले?’

‘म्हनले, मला बी तसंच वाटतंय. पर गप ऱ्हा. आपन वळखलं आसं कळलं तर ती लिवायची बंद व्हईल. साहेबच बरा हाय.’

म्हणजे तीन वर्षं दोघंही तीच एक गोष्ट एकमेकांपासून जपत आले होते. राजश्रीला हसावं की रडावं कळेना. तिने चहा संपवला.

मारुतराव मागच्या पडवीत खाटेवर होते. फोटोतल्यापेक्षा निम्मे झालेले. उजवा हात मांडीवर दुसऱ्या कुणाचा असावा तसा पडलेला. सारजाबाईंनी कानाशी जाऊन सांगितलं, ‘शिरूरच्या आल्यात.’ त्यांनी मान वळवली. बराच वेळ बघितलं. ओठ हलायला लागले, आवाज यायला वेळ लागला.

‘सा... साहेब,’ ते म्हणाले आणि अर्ध्या तोंडाने हसले.

पिशवीतल्या वस्तू परत द्यायच्या राहूनच गेल्या.

कांदाचाळीच्या एका टोकाला गोणपाटं लावून केलेली त्यांची जागा अनुपमाने दाखवली. भिंतीलगत लांब फळी, तिच्यावर कडेठाणचं वळण, बांधावरच्या बाभळी, आणि मधोमध फूटभर लांबीचं काळं मालगाडीचं इंजिन. चाकं आता बरोबर अंतरावर होती. चाकांना जोडणारे दांडे तेवढे नव्हते. शेजारी पितळी पट्टी अर्धी कापून तशीच पडलेली, कानस तिच्यावरच.

‘हे मी पुरं करू का?’ राजश्रीने परत येऊन विचारलं. मारुतरावांनी डावा हात उचलून खाटेच्या लाकडावर दोनदा आपटला. तो होकार होता.

त्यानंतर ती दर दुसऱ्या रविवारी जाऊ लागली. सकाळची एसटी, दुपारी काम, चारला परतीची एसटी. मारुतरावांना खुर्चीत बसवून चाळीत आणायचे. ती पट्टी कानसायची, ते बघायचे. चुकलं की जमिनीवर पाय आपटायचे. दांड्याची दोन भोकं बरोबर तितक्याच अंतरावर पडायला हवीत, केसभर फरक पडला तरी चाक फिरता फिरता आखडतं. राजश्रीने रूळ केले होते, इंजिनाचं असं काम कधी केलं नव्हतं. दोन जोड्या वाया गेल्या. तिसऱ्या वेळी मारुतरावांनी तिच्या हातातून कानस ओढून घेतली, डाव्या हातानं पट्टीवर चालवून बघितली, ती घसरली. त्यांनी कानस चाळीच्या पार टोकाला भिरकावली आणि डोळे मिटून घेतले. अनुपमा चारा टाकायला आली होती. तिने जाऊन कानस उचलली, पदराला पुसली, राजश्रीच्या हातात दिली आणि तिथंच उकिडवी बसली.

‘मी धरते पट्टी,’ ती म्हणाली. ‘तुम्ही घासा.’

तिची बोटं बारीक आणि स्थिर होती. पुढच्या खेपेपासून ती काम आटोपून येऊन बसू लागली. फारसं बोलायची नाही. एकदा मात्र हळूच म्हणाली, ‘आप्पा इथं बसून एवढं बारीक काम करायचे, मी कधी पडदा उचलून बघितलंसुद्धा नाही.’

इकडे शिरूरला राजश्रीने चादर काढली, फुगलेलं वळण कापून नवीन टाकलं. सांध्याचा तुकडा फळीपासून वेगळा केला. फेब्रुवारीतल्या एका रविवारी तो चादरीत बांधून तिने एसटीत मांडीवर घेतला.

‘काय हाय बाई ह्यात?’ कंडक्टरने विचारलं.

‘रेल्वेचा सांधा,’ ती म्हणाली. तो तिकीट फाडून पुढे गेला.

वरवंडला दोन्ही फळ्या जोडल्या. वीज नव्हती, भारनियमनाची वेळ. सत्यजीतने, मारुतरावांच्या मुलाने, ट्रॅक्टरची जुनी, उतरत आलेली बॅटरी आणून दिली. तो कामाचा माणूस, तारा लावून बाजूला उभा राहिला. राजश्रीने बटण फिरवलं. इंजिन थरथरलं, दांडे एकदा मागं-पुढं झाले आणि ते निघालं. वळणावरून, बाभळींच्या मागून, सांध्याकडे. सांध्यावर चाकांचा बारीक टक-टक आवाज झाला, आणि ते पलीकडच्या रुळावर गेलं. सारजाबाई ‘आगं बया’ म्हणाल्या. मारुतराव पुढे वाकले होते. त्यांनी हात फिरवून दाखवलं, पुन्हा. मग पुन्हा. बॅटरी उतरेपर्यंत, म्हणजे जवळजवळ तासभर, त्यांनी कुणालाच उठू दिलं नाही.

त्या दिवशी परतीच्या एसटीत राजश्रीला कित्येक वर्षांनी वाटलं, की आपल्याला उद्याची वाट बघायची आहे.

ते फार टिकलं नाही. मार्चच्या शेवटी कांदा निघाला आणि चाळ मोकळी करावी लागली. त्याच सुमाराला सत्यजीतने मुलांच्या शाळेसाठी हडपसरला फ्लॅट घेतला. तिथं आप्पांच्या अंगाला रोज व्यायाम देणारा माणूस मिळणार होता. यात कुणाचं काही चुकत नव्हतं. शेवटच्या रविवारी ती गेली तेव्हा सामान बांधलेलं होतं. मारुतरावांनी इंजिन मांडीवर घेतलं होतं. डाव्या हाताने ते हळूहळू तिच्याकडे सरकवलं. ती नको नको म्हणाली. त्यांनी पाय आपटला.

मे महिन्यात ती एकदा हडपसरला जाऊन आली. तिसरा मजला, खाली पार्किंग, समोर दुसऱ्या इमारतीच्या बाल्कन्या. हॉलमध्ये टीव्ही चालू होता आणि मुलं त्याच्यापुढे बसली होती. मारुतराव कोपऱ्यातल्या खुर्चीत होते. तिने त्यांना नवीन सिग्नल कसे केले ते सांगायला सुरुवात केली. मध्येच तिच्या लक्षात आलं, की त्यांची मान खाली गेलीय, झोप लागलीय. सारजाबाई हळू आवाजात म्हणाल्या, ‘हितं करमत न्हाई त्यांना. मला बी.’ तासभर थांबून ती निघाली. जिन्यात अनुपमाने तिला गाठलं.

‘येत जा म्हणणार होते,’ ती म्हणाली, ‘पण इथं येऊन काय करणार तुम्ही. लिहा. मी वाचून दाखवीन.’

राजश्री लिहीत राहिली. दर पंधरा दिवसांनी, पूर्वीसारखीच, चार-सहा पानं. उत्तरात अनुपमाचं कार्ड यायचं, दोन ओळींचं. ‘पत्र वाचून दाखवले. ऐकताना जागे होते.’ कधी, ‘सांध्याचे वाचले तेव्हा पाय आपटला. काय चुकले ते समजले नाही.’ कधी फक्त, ‘आज झोपले होते. उद्या वाचीन.’ पाय आपटल्याचं कळलं की राजश्री त्या पत्राची ठेवून घेतलेली नक्कल काढून पुन्हा वाचायची आणि आपलं कुठं चुकलं असेल ते शोधायची. बऱ्याचदा सापडायचं.

दिवाळीनंतर कार्डं कमी झाली. मुलांच्या परीक्षा, सारजाबाईंचे गुडघे. राजश्रीने तक्रार केली नाही. तिने इंजिनाला सात मालडबे जोडले होते, आणि आठवा करायला घेतला होता.

जानेवारीतल्या एका रविवारी दुपारी ती गाडी तिने पहिल्यांदा पूर्ण यार्डभर फिरवली. गल्लीत क्रिकेट चालू होतं, कस्तुराबाईंच्या घरी रेडिओ. गाडी मनमाडच्या लाइनच्या चढावर गेली, तिथं तिसऱ्या डब्याला जोडणारा आकडा निसटला, तो तिने बोटाने परत अडकवला, मग गाडी वळून आली, स्टेशनात थांबली. राजश्री बाकाच्या टोकाला बसून बघत होती. आतल्या खोलीत दुसरं कुणी नव्हतं. पाच फेऱ्या झाल्यावर तिने बटण बंद केलं. तापलेल्या मोटरचा वास येत होता. तिने खिडकी उघडली, चहा टाकला आणि कागद घेतला.

‘मारुतराव, स. न.,’ तिने लिहिलं. ‘इंजिन सात डबे ओढते. चढावर तिसऱ्या डब्याचा आकडा सुटतो. मी आकड्याला थोडा बाक दिला, तरी सुटतो. आपण काय केले असते?’

प्रश्नाखाली तिने आकड्याचं चित्र काढलं, मापांसकट, आणि पानाच्या कडेला अनुपमासाठी लिहिलं, की हे चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे जरा वेळ धरून ठेव.